तोंडी हिशेब : शेकडेवारी, सवलत आणि आपला रुपया

अक्षरओळख झाली म्हणजे मनुष्य साक्षर झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आमच्या मते साक्षरतेचा उरलेला अर्धा भाग अंकांचा आहे. ज्याला वाचता येते परंतु हिशेब करता येत नाही, त्याला कागदावरील शब्द कळतात. त्या कागदापायी आपल्या खिशातून किती जाणार आहे, हे मात्र कळत नाही. आम्ही इतिहासाचे शिक्षक. गणित हा आमच्या अध्यापनाचा विषय नव्हे. तरीही आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेसाठी आम्ही शेकडेवारीचा तोंडी हिशेब हा विषय घेतला, कारण इतिहासानेच आम्हांस त्याच्याकडे आणले.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. इतिहासात त्याची नोंद ‘दख्खनचे दंगे’ या नावाने आहे. त्या जमावाचा मुख्य रोख सावकाराच्या घरातील कर्जरोख्यांवर व हिशेबाच्या वह्यांवर होता. ते कागद मिळवून जाळणे, हेच बहुतेक ठिकाणी घडले. ज्या कागदावर आपण निशाणी केली त्यावर नेमकी किती रक्कम लिहिली आहे आणि तिच्यावर व्याज कोणत्या दराने चढत आहे, हे त्या कुणब्याला वाचताही येत नव्हते आणि मोजताही येत नव्हते. १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साहाय्याचा कायदा केला. पण वही ज्याच्या हाती, हिशेबही त्याच्याच हाती, ही स्थिती एका कायद्याने पालटणारी नव्हती. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला व तो १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाच्या विनिमयदरापेक्षा त्याची देशातील क्रयशक्ती स्थिर राहणे अधिक महत्त्वाचे आहे, ही त्यातील एक प्रमुख भूमिका होती. रुपयात काय येते हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञाचा आहे, तसाच तो दुकानासमोर उभ्या असलेल्या प्रत्येक घराचाही आहे.

टक्का म्हणजे काय ?

जुन्या रुपयाचे सोळा आणे होत. चार आणे म्हणजे पाव रुपया, आठ आणे म्हणजे अर्धा, बारा आणे म्हणजे पाऊण. त्या काळच्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून तोंडपाठ करून घेत, आणि त्या जोरावर फारसे न शिकलेला मनुष्यही बाजारात चटकन भाव काढी. १ एप्रिल १९५७ पासून आपल्या देशात दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि रुपयाचे शंभर पैसे झाले. तेव्हापासून टक्क्याची व्याख्या अगदी सोपी झाली आहे : एक टक्का म्हणजे रुपयामागे एक पैसा. वीस टक्के सूट म्हणजे प्रत्येक रुपयामागे वीस पैसे वाचले. एवढे मनात पक्के झाले की शेकडेवारीची भीती उरत नाही.

दहा टक्क्यांची किल्ली

कोणत्याही रकमेचे दहा टक्के काढण्यासाठी दशांशचिन्ह एक घर डावीकडे न्यावे. ६४० रुपयांचे दहा टक्के ६४ रुपये. आता या एका संख्येवरून बाकीच्या संख्या निघतात :

पाच टक्के : दहा टक्क्यांचे निम्मे, म्हणजे ३२.
पंधरा टक्के : दहा आणि पाच मिळून ६४ + ३२, म्हणजे ९६.
वीस टक्के : दहाची दुप्पट, म्हणजे १२८.
पस्तीस टक्के : दहाची तिप्पट १९२ आणि वर पाच टक्क्यांचे ३२, म्हणजे २२४.
एक टक्का : दशांशचिन्ह दोन घरे डावीकडे, म्हणजे ६.४०.

अठरा टक्के कर काढावयाचा असल्यास वीस टक्के काढून त्यातून दोन टक्के वजा करावेत. ४५० रुपयांच्या दुरुस्तीवर वीस टक्के ९० होतात. दोन टक्के ९. म्हणून कर ८१ रुपये.

जेथे जुना पाढा उपयोगी आहे, तेथे तोच वापरावा. पंचवीस टक्के म्हणजे पाव, पन्नास म्हणजे निम्मे, पंचाहत्तर म्हणजे पाऊण, आणि साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा, जुन्या भाषेत दोन आणे. आणखी एक सोय लक्षात ठेवावी : टक्के व रक्कम यांची अदलाबदल केली तरी उत्तर बदलत नाही. ५० रुपयांचे १८ टक्के अवघड वाटतात. पण १८ चे ५० टक्के म्हणजे ९, हे कोणीही सांगेल. तसेच २५ रुपयांचे १६ टक्के म्हणजे १६ चा पाव, अर्थात ४.

सूट नव्हे, देय रक्कम काढावी

दुकानात आपणांस जाणून घ्यायचे असते ते आपण किती द्यायचे हे. म्हणून सूट काढून ती वजा करण्याऐवजी उरलेले टक्के थेट काढावेत. १,२९९ रुपयांच्या स्वेटरवर तीस टक्के सूट असेल, तर द्यावयाचे सत्तर टक्के. १,२९९ ला १,३०० धरावे. दहा टक्के १३०. त्याची सातपट ९१०. नेमके उत्तर ९०९ रुपये ३० पैसे येते. फरक एका रुपयाहूनही कमी.

येथे पूर्णांकनाचा नियम सांगितला पाहिजे. ४९९, ९९९ अशा किमती मुद्दाम ठेवलेल्या असतात. कारण आपली नजर पहिल्या अंकावर थांबते आणि पाचशेची वस्तू चारशेच्या घरातली वाटते. म्हणून अशी किंमत मनात घेताना नेहमी वरच्या शंभरात न्यावी. देय रकमेचा आदमास थोडा जास्त निघाला तर गल्ल्यापाशी पैसे कमी पडत नाहीत.

धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमी परिसरात पुस्तकांची दालने लागतात, हे आपणा सर्वांना परिचित आहे. तेथील गर्दीत कागद-पेन काढण्यास उसंत नसते. समजा, आपण १२०, २५०, ८० आणि ३४५ रुपयांची चार पुस्तके निवडली आणि दालनावर वीस टक्के सवलत आहे. बेरीज ७९५, म्हणजे जवळपास ८००. दहा टक्के ८०. द्यावयाचे ऐंशी टक्के, म्हणून आठपट ६४०. विक्रेत्याने ६३६ सांगितले तर हिशेब बरोबर आहे; ७१६ सांगितले तर सवलत वीसऐवजी दहाच टक्क्यांची धरली गेली आहे, हे आपणांस तत्काळ उमजेल व नम्रपणे विचारता येईल.

टक्का कशाचा ?

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. टक्का एकटा कधीच नसतो. तो कोणत्या तरी रकमेचा असतो. ती रक्कम कोणती, हे न विचारणारा ग्राहक फसतो.

‘५० टक्के अधिक २० टक्के सूट’ हा फलक पाहून मनात सत्तर येतात. प्रत्यक्षात हजाराच्या वस्तूवर पहिली सूट पाचशे, आणि दुसरी वीस टक्के सूट उरलेल्या पाचशेवर, म्हणजे शंभर. एकूण सूट सहाशे, अर्थात साठ टक्के. यासाठी सोपी रीत अशी : दोन्ही टक्क्यांची बेरीज करावी आणि त्यांच्या गुणाकाराचा शंभरावा भाग तीतून वजा करावा. २० व १० टक्क्यांसाठी बेरीज ३०, गुणाकार २००, त्याचा शंभरावा भाग २. म्हणून खरी सूट २८ टक्के.

काही वेळा सवलत देण्यापूर्वीच किंमत चढवलेली असते. हजाराच्या वस्तूची किंमत चाळीस टक्क्यांनी वाढवून १,४०० केली आणि मग तीस टक्के सूट जाहीर केली, तर सूट ४२० रुपये, आणि ग्राहकाला पडते ९८० ला. फलकावर तीस टक्के, खरी बचत दोन टक्के. म्हणून सणाच्या खरेदीपूर्वी दोन-तीन दुकानांतील भाव वहीत टिपून ठेवावेत. छापील कमाल किमतीत सर्व कर अंतर्भूत असतात. त्या किमतीवर वेगळा कर कोणी मागू लागल्यास पावती मागावी.

‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ यातील ‘पर्यंत’ हा शब्द बारीक अक्षरांत असतो, आणि हवी ती वस्तू बहुधा दहा टक्क्यांच्या कपाटात असते. ‘दोनवर एक मोफत’ म्हणजे तिनांपैकी एकाची किंमत वाचली. सूट सुमारे ३३ टक्के, आणि तीही तीन नग खरोखर हवे असतील तरच. ‘२० टक्के जादा’ लिहिलेल्या १२० ग्रॅमच्या पुड्यात वीस ग्रॅम मोफत आहेत. १२० पैकी २० म्हणजे सहावा हिस्सा, सुमारे १७ टक्के. मोठे पाकीट नेहमी स्वस्तच असते, असेही नाही. अर्ध्या किलोची धुण्याची पावडर ६५ रुपयांस आणि किलोची १३२ रुपयांस असेल, तर दोन लहान पिशव्या घेणे फायद्याचे. अलीकडे पाकिटांवर दर ग्रॅमची वा दर किलोची किंमतही छापलेली आढळते. ती वाचण्याची सवय लावून घ्यावी.

हप्ता आणि व्याज

सूट चुकली तर पन्नास-शंभर रुपये जातात. व्याज चुकले तर घराची घडी विस्कटते. गावाकडे व्याज महिन्यावर बोलले जाते. ‘शेकडा तीन’ ऐकायला लहान वाटते. पण ते दरमहा आहे. बाराने गुणले की द.सा.द.शे. ३६ होतात. शाळेत शिकलेली ‘दर साल दर शेकडा’ ही चार अक्षरे याच ठिकाणी कामी येतात.

आता हप्त्यांचे पाहू. १२,००० रुपयांचा मोबाईल बारा हप्त्यांत, व्याज सरसकट बारा टक्के. व्याजाचे १,४४० रुपये धरून दरमहा हप्ता १,१२० रुपये. येथेही विचारावे : बारा टक्के कशाचे ? ते पूर्ण १२,००० वर आकारले आहेत. परंतु आपण दरमहा हजार रुपये मुद्दल फेडत आहोत. पहिल्या महिन्यात आपणांकडे १२,००० चे कर्ज आहे, शेवटच्या महिन्यात केवळ १,००० चे. वर्षभराची सरासरी ६,५००. त्याचे वीस टक्के १,३००. उरलेले १४० म्हणजे आणखी सुमारे दोन टक्के. खरा दर बारा नव्हे, बावीसच्या आसपास आहे. ‘बिनव्याजी हप्ता’ असे सांगून ६०० रुपये प्रक्रिया शुल्क घेतले, तर किमतीच्या पाच टक्के तेथेच गेले.

मिळकतीचे चार वाटे

शेकडेवारी केवळ दुकानापुरती नाही. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे : एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी, आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा. आपल्या भाषेत पंचवीस, पन्नास आणि पंचवीस टक्के. सोळा हजारांच्या मिळकतीत चार, आठ आणि चार हजार. आजच्या प्रत्येक घराला हे प्रमाण जसेच्या तसे जमेल असे नाही. घरभाडे, औषधपाणी, शिक्षण यांतच बरेच जाते. दहा टक्के राखणे जमत असेल तर दहापासून आरंभ करावा. मिळकतीचे वाटे मोजून करावेत, ही त्यातील शिकवण मात्र प्रत्येक घरास लागू पडते.

सरावासाठी उदाहरणे (कागद न घेता सोडवावीत)

१. ८५० रुपयांचे दप्तर, २० टक्के सूट. देय रक्कम किती ?
२. १,४९९ रुपयांचे बूट, ४० टक्के सूट. अंदाजे किती द्यावे लागतील ?
३. ‘४० टक्के अधिक १० टक्के’ म्हणजे एकूण सूट किती टक्के ?
४. ‘तीनवर एक मोफत’ म्हणजे किती टक्के सूट ?
५. ५०० रुपयांच्या वस्तूची किंमत आधी २० टक्क्यांनी वाढवली, नंतर २० टक्क्यांनी घटवली. आता किंमत किती ?
६. ५,००० रुपये दरमहा शेकडा ३ दराने आठ महिने वापरले. व्याज किती ?

उत्तरे : (१) ६८० रुपये (२) सुमारे ९०० रुपये (३) ४६ टक्के (४) २५ टक्के (५) ४८० रुपये (६) १,२०० रुपये.

विद्यार्थी मित्रहो, सुट्टीत घरी जाल तेव्हा आई-वडिलांबरोबर एकदा तरी बाजारात जा. घरी आल्यावर पावती त्यांच्याजवळ बसून वाचा. बेरीज, सूट, कर यांचा तोंडी पडताळा घ्या आणि तो त्यांनाही समजावून सांगा. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हिशेब विचारण्याचा संकोच आजही आहे. दुकानदार म्हणेल ते मुकाट्याने मोजून देण्याची सवय पिढ्यांची आहे. तो संकोच घालवण्याचे काम तुम्ही करू शकता, आणि त्यासाठी दहा टक्क्यांची किल्ली व ‘टक्का कशाचा ?’ हा एक प्रश्न एवढी सामग्री पुरेशी आहे.