वर्ग संपल्यावर गोदामात जा

शासकीय धान्य गोदामातल्या कर्मचाऱ्यांना शिकवणारे जे प्रशिक्षक असतात, त्यांच्या कामावर देखरेख ठेवायची जबाबदारी माझ्याकडे बरीच वर्षं होती. घर पाथरीत, त्यामुळे परभणी जिल्ह्यातले आणि शेजारच्या तालुक्यांतले वर्ग जास्त पाहिले. आता मी निवृत्त आहे. पण पुरवठा खात्यात नवी मुलं-मुली येत आहेत आणि त्यांच्यातल्या काहींच्या वाट्याला उद्या हेच काम येईल. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

एक घटना सांगतो. तालुक्याचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. गोदामात गव्हाला कीड लागली होती. गोदामपालानं थप्प्यांवर ताडपत्री टाकून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवल्या, कडांवर वाळूच्या पिशव्या दाबल्या आणि संध्याकाळी कुलूप लावून तो घरी गेला. काम त्यानं नीट केलं होतं, कारण थोड्याच दिवसांपूर्वी त्याचं प्रशिक्षण झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला जिल्ह्याला बैठक होती. इकडे द्वारपोचचा ट्रक सकाळीच येऊन उभा राहिला. रास्त भाव दुकानदारांचे फोन सुरू झाले. कुणीतरी दुसरी किल्ली आणली, हमाल आत शिरले आणि पहिल्याच थप्पीची ताडपत्री त्यांनी ओढली. लसणासारखा उग्र वास आला, तेव्हा त्यांनी तोंडाला उपरणी बांधली आणि पोती उचलायला सुरुवात केली. थोड्या वेळात एकाला उलट्या सुरू झाल्या, दुसऱ्याची छाती आवळून आली. दोघांनाही ग्रामीण रुग्णालयात नेलं. ते वाचले. फॉस्फिनच्या विषबाधेवर उतारा नाही, हे ज्याला माहीत आहे त्याला ‘वाचले’ या शब्दाचं वजन कळेल.

त्या वर्गात काय शिकवलं गेलं होतं, हे पाहण्यासाठी मला पाठवलं. प्रशिक्षकाची टिपणं अचूक होती. टनाला किती गोळ्या, सात दिवस हवाबंद, नंतर दारं उघडून वारा खेळवायचा, सगळं होतं. हजेरीपट पूर्ण, प्रतिसादाच्या कागदांवर ‘अतिउत्तम’. मग मी गोदामात जाऊन मुकादमाला विचारलं, ‘मामा, तुम्हाला या गोळ्यांचं काही सांगितलं होतं का?’ तो म्हणाला, ‘साहेब, ट्रेनिंग तर साहेबलोकांचं असतं. आम्हाला नुसतं पोतं उचला म्हणतात.’

माझ्या मते त्या अपघाताचं सगळं कारण या उत्तरात आहे. ज्यानं गोळ्या ठेवल्या तो शिकलेला होता. ज्यानं ताडपत्री ओढली त्याला वर्गात कुणी बोलावलंच नव्हतं. हमाल माथाडी मंडळाचा, नाहीतर ठेकेदाराचा. खात्याच्या आस्थापनेवर त्याचं नाव नसतं, म्हणून प्रशिक्षणाच्या यादीतही नसतं. माथाडी कायदा १९६९ साली आला. त्यानं हमालाला मजुरीची आणि नोंदणीची हमी दिली. पण विषारी धुराच्या खोलीत कधी जायचं नाही, हे त्याला कुणीतरी तोंडानंच सांगावं लागतं.

म्हणून प्रशिक्षकावर देखरेख करायची असेल तर त्याची स्लाइड तपासत बसू नका. शिकवून झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी न कळवता त्याच गोदामात जा. धुरी दिलेल्या थप्पीवर पाटी आहे का? पाटीवर गोळ्या ठेवल्याची तारीख आणि उघडायची तारीख आहे का? ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी कवटीचं चित्र आहे का? दुसरी किल्ली कुणाकडे आहे? आणि सर्वांत महत्त्वाचं, सात दिवस पूर्ण व्हायच्या आत ट्रक आला तर ‘नाही’ म्हणायचा अधिकार कुणाला आहे? हा शेवटचा प्रश्न मी पुढं प्रत्येक प्रशिक्षकाला विचारत असे. बहुतेकांनी त्यावर विचारच केलेला नसे, कारण पुस्तकातल्या गोदामात ट्रक कधी अवेळी येत नाही. आपल्याकडे महिनाअखेर आली की वाटपाची घाई असते, दुकानदार खोळंबलेले असतात आणि वरून फोन येत असतात. त्या घाईत काय करायचं, हे ज्यानं शिकवलं नाही त्यानं धुरी शिकवली असं मी मानत नाही.

घाईत मुदतीआधी उघडलेल्या थप्पीचा आणखी एक तोटा आहे. अर्धवट धुरीतून जे किडे वाचतात त्यांची पुढची पिढी त्या वायूला दाद देत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं १९७२-७३ मध्ये जगभर पाहणी केली, तेव्हाच फॉस्फिनला न जुमानणारे किडे आढळले होते. सोंडे आणि तांबडे भुंगेरे मेले नाहीत म्हणून गोळ्या वाढवायच्या, हा उपाय मी अनेक ठिकाणी ऐकला. तो चुकीचा आहे. गोळ्या नव्हे, दिवस कमी पडलेले असतात.

प्रशिक्षक बाहेरून येतो आणि आपला मुलूख त्याला ठाऊक नसतो, हेही लक्षात ठेवा. एकदा एकानं सांगितलं, धान्याला हवा लागावी म्हणून गोदामाची दारं रोज उघडी ठेवा. मे महिन्यात परभणीकडे पारा चाळिशीच्या वर असतो, हवा कोरडी असते, तेव्हा हे ठीक आहे. आषाढ-श्रावणात झड लागलेली असताना दारं उघडली तर धान्य बाहेरची ओल ओढून घेतं आणि खालच्या थराला बुरशी धरते. गोदावरीकाठच्या ढालेगावाकडची हवा आणि पुण्याची हवा एक नाही. हापूडला केंद्र सरकारची धान्य साठवणुकीचं प्रशिक्षण देणारी संस्था आहे, तिथलं ज्ञान पक्कं आहे. ते पाथरीच्या पावसाळ्याला कसं लावायचं, हे मात्र प्रशिक्षकानं इथल्या जुन्या मुकादमाकडून शिकायला हवं. तो बोट घालून सांगतो, पोत्यात ऊब धरली आहे की नाही.

वजनाचंही तसंच. गोदामपाल आणि दुकानदार यांच्यातली निम्मी भांडणं बारदानावरून होतात. पन्नास किलोच्या नव्या ताग-पोत्याचं स्वतःचं वजन सुमारे ५८० ग्रॅम असतं. ते काट्यावर धरायचं की वगळायचं, हे प्रत्येक जण आपापल्या सोयीनं ठरवतो. फळ्यावर हे गणित सगळ्यांना येतं. प्रशिक्षकाला सांगा, वर्गातल्या प्रत्येकाच्या हातून पोती काट्यावर चढवून घे, रिकामं बारदान वेगळं मोजायला लाव. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो मिळतात आणि अंत्योदयच्या कार्डाला पस्तीस किलो. गोदामातून पोतं अर्धा किलोनं हलकं निघालं, तर ती तूट शेवटी याच पाच किलोंतून भरून काढली जाते. शिकणाऱ्याला ही साखळी शेवटच्या घरापर्यंत दाखवली की तो काट्याशी प्रामाणिक राहतो, असा माझा अनुभव आहे.

औषधांची खोली वेगळी ठेवा, हे तर प्रत्येक वर्गात सांगितलं जातं आणि प्रत्येक गोदामात मोडलं जातं. फवारणीचे डबे पोत्यांच्या आडोशाला, रिकामे डबे पाणी प्यायला. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामण गावच्या शाळेत दुपारचं जेवण खाऊन तेवीस मुलं गेली. तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवलं होतं, असं तपासात पुढं आलं. ही घटना मी प्रत्येक प्रशिक्षकाला सांगायला लावायचो, आणि सांगून झाल्यावर लगेच सगळ्यांना उठवून गोदामातले रिकामे डबे गोळा करायला लावायचो. डबे ठेचून, भोकं पाडून पुरले की मगच चहा.

चांगल्या प्रशिक्षकाला अशा देखरेखीचा राग येत नाही. उलट त्याला बरं वाटतं, कारण आपण शिकवलेलं कुठपर्यंत पोचलं हे त्याला एरवी कळतच नाही. ज्याला राग येतो, त्याला पुढच्या वर्गाला बोलावू नका, मग त्याचं भाषण कितीही रंगो.

पावसाळ्याआधीचे वर्ग ठरवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. यादी काढताना पहिलं नाव मुकादमाचं लिहा, त्या दिवसाची हमालांची मजुरी भरून द्या, आणि वर्ग सभागृहात न घेता गोदामाच्या ओट्यावर घ्या.