पंखा का फिरत नाही?

प्रस्तावना

यंत्र बंद पडले की घरातील माणसे गोंधळून जातात. कुशल कारागीर मात्र प्रश्न विचारू लागतो. दोष दुरुस्त करणे हे हाताचे काम असले, तरी तो शोधण्याची सुरुवात विचारातून होते. हा विचार क्रमाने कसा करावा, हे प्रस्तुत पाठात एका घरगुती यंत्राच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
- उष्णता-पंपातील बाहेरच्या पंख्याचे कार्य सांगता येईल;
- लक्षणांवरून दोषाचे संभाव्य कारण ओळखता येईल;
- दुरुस्तीच्या कामात सुरक्षिततेचे महत्त्व स्पष्ट करता येईल.

मूळ पाठ

पाणी जसे उंचावरून सखल भागाकडे वाहते, तशी उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. तिला उलट दिशेने न्यायचे असेल, तर ऊर्जा खर्च करावी लागते. विहिरीतील पाणी वर चढवणारा पंप हेच करतो. म्हणूनच उष्णतेची अशी ने-आण करणाऱ्या यंत्राला उष्णता-पंप असे नाव मिळाले. लॉर्ड केल्व्हिन या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी १८५२ मध्ये ही कल्पना मांडली होती.

दिल्ली, चंडीगड यांसारख्या शहरांत उन्हाळा कडक असतो आणि हिवाळाही बोचरा असतो. तेथील घरांत दिसणारा ‘हॉट अँड कोल्ड एसी’ म्हणजे उष्णता-पंपच होय. उन्हाळ्यात तो खोलीतील उष्णता बाहेर टाकतो. हिवाळ्यात एका झडपेमुळे त्याच्या कार्याची दिशा बदलते आणि तो बाहेरच्या गार हवेतील उष्णता शोषून घरात आणतो.

दोन्ही ऋतूंत बाहेरच्या पेटीतील पंखा कॉइलवरून हवा खेळती ठेवतो. तो बिघडला, तर उन्हाळ्यात उष्णता कोंडते, आतील दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर तापून बंद पडतो. हिवाळ्यात कॉइलवर बर्फाचा थर चढतो. पंखा नादुरुस्त असतानाही यंत्र चालवत राहिल्यास कॉम्प्रेसरसारखा महागडा भाग कायमचा निकामी होऊ शकतो.

परंतु थांबलेला प्रत्येक पंखा बिघडलेला नसतो. थंडीत कॉइलवर हिम साचले, की यंत्र स्वतःच काही मिनिटे ते वितळवते. त्या वेळी बाहेरचा पंखा आपोआप थांबतो, पाणी ठिबकते आणि पेटीतून वाफ निघताना दिसते. थोड्या वेळाने पंखा पुन्हा सुरू झाला, तर काळजीचे कारण नाही. पंख्याबरोबर कॉम्प्रेसरही बंद असेल, तर आधी वीजपुरवठा तपासावा लागतो. कॉम्प्रेसर चालू आणि पंखा मात्र बराच वेळ स्थिर, अशी स्थिती असेल तेव्हाच संशय पंख्याकडे वळतो.

यानंतर मुख्य वीजपुरवठा बंद करून तंत्रज्ञ पाती पाहतो. काटकी, पालापाचोळा किंवा कबुतराचे घरटेही पंखा अडवू शकते. अडथळा नसेल, तर तो पाती हाताने फिरवून पाहतो. ती जड फिरत असतील किंवा खरखरत असतील, तर बेअरिंग झिजले असण्याची शक्यता असते. पाती सहज फिरतात, पण वीज सुरू केल्यावर मोटर नुसतीच गुणगुणते, असे आढळल्यास बहुधा कपॅसिटर कमजोर झालेला असतो. हा लहानसा भाग मोटरला सुरू होण्यासाठी आणि चालण्यासाठी साहाय्य करतो. पंखे दुरुस्त करणारे मिस्त्री त्याला ‘कंडेन्सर’ म्हणतात. उन्हाळ्यात उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलचेही तंत्रशास्त्रातील नाव कंडेन्सर हेच आहे. म्हणून बोलताना कोणता भाग अभिप्रेत आहे, हे स्पष्ट करणे आवश्यक ठरते.

वीज तोडल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहू शकतो. तो योग्य रीतीने उतरवल्याशिवाय त्याला स्पर्श करणे घातक असते. नवा कपॅसिटर जुन्याइतक्याच मायक्रोफॅरडचा असावा आणि त्याची व्होल्ट-मर्यादा जुन्यापेक्षा कमी नसावी.

कपॅसिटर चांगला असेल, तर मोटरची गुंडाळी मल्टिमीटरने तपासतात. येथेही घाई उपयोगाची नाही. अनेक मोटरींमध्ये अतिउष्णतेपासून संरक्षण करणारा स्विच असतो. मोटर तापली की तो मंडल तोडतो. त्यामुळे गरम मोटर ‘जळाली’ असे ठरवण्यापूर्वी ती थंड होऊ द्यावी. इन्व्हर्टर प्रकारच्या बहुतेक यंत्रांत पंख्याची मोटर इलेक्ट्रॉनिक पट्टीवरून चालते; तेथे वेगळा कपॅसिटर नसतो आणि दोषाचा सांकेतिक क्रमांक पाहून शोध घ्यावा लागतो.

बाहेरची पेटी पुष्कळदा उंच इमारतीच्या भिंतीवर टांगलेली असते. सुरक्षा-पट्टा न बांधता सज्जावर उतरणारा तंत्रज्ञ काही मिनिटे वाचवण्यासाठी आपला जीव धोक्यात घालतो. त्याला घाई न करणे ही घरमालकाचीही जबाबदारी आहे. घरातील व्यक्तीने पेटी उघडू नये. यंत्र बंद करावे आणि काय दिसले, कोणता आवाज आला, हे नेमक्या शब्दांत सांगावे. अचूक वर्णनामुळे शोध सोपा होतो आणि चांगली मोटर विनाकारण बदलण्याचा खर्चही टळतो.

शब्दार्थ

अभिप्रेत – मनात असलेला, अपेक्षित. सखल – खोलगट, खालच्या पातळीवरचा. मंडल – विजेचा प्रवाह वाहण्याचा बंद मार्ग.

स्वाध्याय

१. हिवाळ्यात पंखा थांबला, तरी तो बिघडलेला नसू शकतो. कारण लिहा.
२. ‘कंडेन्सर’ या शब्दाचे पाठात आलेले दोन अर्थ सांगा.
३. तुमच्या घरातील एखाद्या नादुरुस्त वस्तूचे वर्णन तंत्रज्ञाला उपयोगी पडेल अशा पाच वाक्यांत करा.