‘फ्रेश’ म्हणजे नेहमीच ‘ताजे’ नव्हे

इंग्रजी भाषेचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांस अवघड शब्दांचे भय वाटते. परंतु त्यांची खरी फसगत होते ती सोप्या शब्दांनी. अवघड शब्द आला की विद्यार्थी कोश उघडतो. सोपा शब्द आपणांस ठाऊकच आहे, असे समजून पुढे जातो. ‘फ्रेश’ हे विशेषण अशा फसव्या शब्दांपैकी एक होय. ‘फ्रेश म्हणजे ताजा’ एवढेच पाठ करून आलेला विद्यार्थी भूगोलाच्या पुस्तकात ‘फ्रेश वॉटर’ हे शब्द दिसताच ‘ताजे पाणी’ असे बेधडक भाषांतर करतो.

या भाषांतराने अर्थाचा कसा अनर्थ होतो, हे पाहण्यास दूर जावयास नको. पेण तालुक्यातील गडबच्या बाजूचा खारेपाट ध्यानात आणावा. अंबा नदी धरमतरच्या खाडीस मिळते आणि भरतीबरोबर समुद्राचे पाणी आत चढते. ते भातशेतीत शिरू नये म्हणून बांध घालतात. पावसाचे पाणी बाहेर जावे, पण भरतीचे आत येऊ नये, यासाठी बांधास उघाड्या ठेवतात. बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात पसरते, आणि पावसाचे गोडे पाणी ते मीठ धुऊन नेईपर्यंत पीक नीट येत नाही.

आता विचार करा. नुकतेच भरतीबरोबर आत आलेले पाणी अगदी ताजे असते. तथापि इंग्रजीत ते ‘फ्रेश वॉटर’ नव्हे. उलट तळ्यात पावसाळ्यापासून साठून राहिलेले पाणी कित्येक महिन्यांचे जुने असले, तरी ते ‘फ्रेश वॉटर’च होय, कारण ते खारे नाही. विहिरीतून सकाळी शेंदलेले पाणी ताजे असूनही मचूळ असू शकते. समजा, शेतीच्या एखाद्या इंग्रजी पत्रकात ‘जमीन फ्रेश वॉटरने धुवावी’ असे लिहिले आहे, आणि शाळेत जाणाऱ्या मुलाने ते ‘ताज्या पाण्याने धुवावी’ असे वडिलांस वाचून दाखविले. एका विशेषणाच्या चुकीने त्या सल्ल्याचा प्राणच गेला! येथे योग्य मराठी शब्द ‘गोडे’ हाच. ‘गोडे’ म्हणजे साखरेसारखे गोड नव्हे, तर खारे नसलेले, हे कोकणातील मुलांस सांगावयास नकोच.

‘खारे नसलेले’ हा अर्थ या शब्दास मागाहून चिकटला, असेही नाही. प्राचीन इंग्रजीत हा शब्द मुख्यतः अशाच पाण्याविषयी योजीत. ‘नवा, टवटवीत’ हे अर्थ पुढे फ्रेंच भाषेतील सजातीय शब्दाच्या संसर्गाने बळावले.

याचे एक सुंदर उदाहरण 1611 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात आढळते. याकोबाच्या पत्राच्या 3ऱ्या अध्यायात झऱ्याचा दृष्टान्त आहे. 11व्या वचनात कडू पाण्याच्या विरुद्ध ‘स्वीट’ हा शब्द घातला आहे. 12व्या वचनात खाऱ्या पाण्याच्या विरुद्ध ‘फ्रेश’ घातला आहे. मूळ ग्रीक भाषेत दोन्ही ठिकाणी ‘गोड’ या अर्थाचा एकच शब्द आहे. भाषांतरकारांनी समोरचा विरुद्धार्थी शब्द पाहून विशेषण निवडले. आम्हांस जे सांगावयाचे आहे, ते हेच: ‘फ्रेश’चा अर्थ लावताना त्या स्थळी त्याच्या विरुद्ध काय आहे, ते प्रथम विचारावे.

ही कसोटी लावली म्हणजे इतर प्रयोगही उलगडतात. मासळीचेच पाहा. ‘फ्रेश फिश’ म्हणजे ताजी मासळी. तिच्या विरुद्ध सुकी, खारवलेली किंवा नासलेली. ‘फ्रेश-वॉटर फिश’ म्हणजे गोड्या पाण्यातील मासा. त्याच्या विरुद्ध समुद्रातील मासा. म्हणून पहाटे समुद्रात धरलेले पापलेट ‘फ्रेश फिश’ होय, पण ‘फ्रेश-वॉटर फिश’ नव्हे. आणि कटला सुकवून ठेविला, तरी त्याची जात ‘फ्रेश-वॉटर’च राहते. आपला जिताडा मात्र खाडीच्या खाऱ्या पाण्यात आणि गोड्या तळ्यातही वाढतो!

‘फ्रेश ॲप्लिकेशन’ म्हणजे ताजा अर्ज नव्हे, तर पूर्वीचा बाजूस ठेवून नव्याने केलेला अर्ज. येथे विरुद्ध शब्द ‘पहिला’ किंवा ‘आधीचा’. तथापि ‘फ्रेश’ आणि ‘न्यू’ सर्वत्र समानार्थी नाहीत. नव्या घरास ‘न्यू हाउस’ म्हणतात, ‘फ्रेश हाउस’ म्हणत नाहीत. ‘फ्रेश फ्रॉम कॉलेज’ म्हणजे कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, अर्थात अननुभवी. बोलीभाषेत एखाद्या मुलास ‘फ्रेश’ म्हटले, तर ती स्तुती नसून तो आगाऊ आहे, असा ठपका असू शकतो.

वाऱ्याविषयी तर विशेष सावध असावे. ‘फ्रेश ब्रीझ’ म्हणजे मंद, सुखद झुळूक, असे वाटणे साहजिक आहे. परंतु बोफर्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वायुमापनश्रेणीत तो 5वा क्रमांक असून त्याचा वेग ताशी 17 ते 21 सागरी मैल असतो. अशा वाऱ्यात लहान झाडे डोलू लागतात. लहान होडी घेऊन निघणाऱ्यास झुळूक आणि हा वारा यांतील भेद कळलाच पाहिजे.

हल्ली ‘तोंड धुऊन फ्रेश होतो’ असे आपण मराठीतही सहज म्हणतो. त्यामुळे हा शब्द आपल्या घरचाच वाटू लागतो आणि फसगतीचा संभव अधिकच वाढतो. विद्यार्थ्यांनी पुढील प्रयोगांचे विरुद्धार्थी शब्द प्रथम लिहून मगच त्यांचे मराठी करावे: ‘फ्रेश पेन्ट’, ‘फ्रेश एव्हिडन्स’, ‘फ्रेश-वॉटर लेक’, ‘फ्रेश बटर’. शेवटच्या प्रयोगाचे दोन अर्थ संभवतात. दोन्ही ज्यास सापडतील, त्यास हा पाठ समजला, असे आम्ही म्हणू.

तात्पर्य, शब्दाचा अर्थ एकट्या शब्दात नसतो; तो शेजारच्या शब्दांत आणि समोरच्या विरोधात असतो. कोश अनेक अर्थ पुढे मांडील. त्यांतून योग्य तो निवडण्याचे काम वाचणाऱ्यानेच करावयाचे आहे.