सामन्यापूर्वींचा सराव कसा पाहावा

सामना पाहावयास जाणारी मंडळी बहुधा पंचाची शिटी वाजण्याच्या सुमारास येऊन पोंचतात. त्यापूर्वीं मैदानावर जें कांहीं चाललेलें असतें, तें केवळ अंग मोकळें करण्यासाठीं असून त्यांत पाहण्यासारखें कांहीं नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. आमचें मत निराळें आहे. अमेरिकेंतील कॉलेजांचे बास्केटबॉलचे सामने पाहण्याचा योग ज्यांना येईल, त्यांनीं अर्धा तास आधीं जाऊन बसावें आणि दोन्ही संघांचे खेळाडू चेंडू टाकण्याचा जो सराव करीत असतात तो लक्षपूर्वक पाहावा. मात्र तो पाहावा कसा, हें समजलें पाहिजे. नाहीं तर ज्ञान होण्याऐवजीं भलताच ग्रह होण्याचा संभव अधिक.

उदाहरणादाखल कॅन्सस विद्यापीठाचें ॲलन फील्डहाउस हें क्रीडागृह घेऊं. तें लॉरेन्स गांवीं १९५५ सालीं उघडलें; पंधरा हजारांवर प्रेक्षक तेथें बसतात. तेथील क्रीडांगणाला जेम्स नेस्मिथ यांचें नांव दिलेलें आहे, आणि तें यथायोग्यच होय. नेस्मिथ मूळचे कॅनडाचे. धर्मशास्त्राचें अध्ययन पुरें करून ते स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम्. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत आले. हिंवाळ्यांत बाहेर खेळतां येत नसल्यामुळें कंटाळलेल्या अठरा विद्यार्थ्यांकरितां त्यांनीं १८९१ च्या डिसेंबरांत हा खेळ योजिला. शिपायानें आणून दिलेल्या पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून आजही कडें दहा फुटांवरच असतें. टोपलीला बूड असल्यामुळें चेंडू आंत पडला कीं शिडी लावून काढावा लागे. तेव्हां शंभर शंभर वेळां नेम धरण्याचा सराव त्या दिवसांत होणें नव्हतें! १८९८ सालीं नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठांत प्रार्थनामंदिराचे प्रमुख व शारीरिक शिक्षणाचे अध्यापक म्हणून आले व १९३९ मध्यें लॉरेन्स येथेंच वारले. स्प्रिंगफील्डलाच शिकलेले हॅरी बक यांनीं १९२० सालीं मद्रासेस शारीरिक शिक्षणाचें कॉलेज काढलें. आणि मुंबईंत नागपाड्यास, जेथें अमेरिकन मराठी मिशननें पुढें नेबरहुड हाउस स्थापिलें, तेथें हा खेळ आज गल्लीगल्लींतील मुलांच्या अंगवळणीं पडलेला आहे. मिशन शाळेच्या वार्षिकांत या खेळाला जागा देण्यास एवढें नातें पुरे.

आतां सरावाकडे वळूं. धांवफलकावरील घड्याळ उलटें चालत असतें. कॉलेजचा बँड वाजत असतो. खेळाडूंच्या दोन रांगा होतात. एका रांगेंतला धांवत येऊन चेंडू फळीवर अलगद टेकवितो व कड्यांत सोडतो, दुसऱ्या रांगेंतला खालीं आलेला चेंडू झेलून पुढच्याकडे देतो, आणि दोघेही रांगा बदलतात. अंगाला थोडा घाम आला कीं रांगा मोडतात व सगळे कड्याभोंवतीं पांगतात. कोणी जवळून एका हातानें टाकतो, कोणी कोपऱ्यांतून, कोणी तीन गुणांच्या रेषेबाहेरून. ही रेषा कॉलेजच्या खेळांत १९८६-८७ च्या हंगामापासून सर्वत्र आली. तेव्हां ती १९ फूट ९ इंचांवर होती, आतां २२ फुटांच्या किंचित् पलीकडे आहे. कांहीं जण उडी मारून चेंडू वरून कड्यांत खुपसतात. त्याला डंक म्हणतात. पुरुषांच्या कॉलेज-सामन्यांपूर्वीं असें करण्यास २०१५-१६ च्या हंगामापर्यंत बंदी होती. लोकांना तो प्रकार फार आवडतो. आम्हांला मात्र त्यापासून शिकण्यासारखें फारसें दिसत नाहीं.

पाहणाऱ्यानें प्रथम चेंडू आंत गेला कीं नाहीं इकडे लक्षच देऊं नये. ही गोष्ट ऐकावयास सोपी, पण करावयास कठीण, कारण डोळे आपोआप कड्याकडे वळतात. दृष्टि चेंडूमागें न धाडतां टाकणाऱ्यावर ठेवावी. चांगल्या नेमबाजाचे पाय चेंडू हातीं येण्यापूर्वींच जागेवर बसलेले असतात, गुडघे किंचित् वांकलेले असतात, कोपर कड्याच्या रोखानें असतें, आणि चेंडू सुटल्यावर मनगट पुढें झुकून क्षणभर तसेंच राहतें. दहा वेळां पाहिलें तर दहाही वेळां तीच आकृति. ज्याची आकृति दर खेपेस बदलते, त्याचे पांच चेंडू लागोपाठ आंत गेले तरी त्यावर फार विसंबूं नये.

मग चेंडूची कमान पाहावी. येथें थोडें गणित आहे. कड्याचा व्यास १८ इंच, चेंडूचा सुमारें साडेनऊ इंच. दोन चेंडू शेजारीं शेजारीं बसावयास एकच इंच कमी पडतो. म्हणजे दार कांहीं लहान नाहीं. परंतु तें दार चेंडूला किती मोठें दिसतें, हें तो कोणत्या कोनानें येतो त्यावर अवलंबून आहे. पाण्यानें भरलेल्या तांब्याकडे बरोबर वरून पाहिलें तर त्याचें तोंड पूर्ण वाटोळें दिसतें. तेंच डोळे खालीं नेत गेलें कीं तोंड लांबट व अरुंद होत जातें. चेंडू सरळ वरून आला तर त्याला १८ इंचांची वाट मिळते; ४५ अंशांनीं आला तर पावणेतेरा इंचांच्या जवळपास; आणि ३० अंशांनीं आला तर अवघी ९ इंच, म्हणजे चेंडूहूनही कमी! अशा सपाट फेकीचा चेंडू कड्याला न लागतां आंत जाणें शक्यच नाहीं. मग फार उंच कां टाकूं नये? कारण उंच फेकीला जोर अधिक लागतो व अंतराचा अंदाज चुकतो. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठांतील त्रान व सिल्व्हरबर्ग या संशोधकांनीं २००८ सालीं यंत्रगणकावर लक्षावधि फेकी मांडून पाहिल्या. मोकळ्या फेकीसाठीं, म्हणजे फळीपासून १५ फुटांवरील रेषेवरून विनाअडथळा मिळणाऱ्या फेकीसाठीं, चेंडू हातांतून सुमारें ५२ अंशांनीं सुटावा व सेकंदास सुमारें तीन उलट फेरे घ्यावेत, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. उलट फेऱ्याचा उपयोग असा कीं, चेंडू कड्यावर किंवा फळीवर आदळला म्हणजे त्याचा वेग मरतो आणि तो दूर न उसळतां आंत पडण्याकडे कल घेतो. चेंडूवरील काळ्या रेषा पाहत राहिल्यास हे फेरे दुरूनही ओळखूं येतात.

नित्याच्या सरावानें दृष्टि किती सूक्ष्म होते याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाचे बिल ब्रॅडली हे १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकन संघांत होते व पुढें अमेरिकेच्या सेनेटचे सभासद झाले. जॉन मॅक्फी या लेखकानें १९६५ सालीं त्यांच्यावर पुस्तक लिहिलें. त्यांत हकीकत अशी कीं, एकदां एका परक्या शाळेच्या क्रीडागृहांत सराव करतांना ब्रॅडलींच्या फेकी लागोपाठ चुकूं लागल्या. त्यांनीं थांबून सांगितलें कीं, हें कडें सुमारें दीड इंच खालीं आहे. मॅक्फी कांहीं आठवड्यांनीं शिडी व फीत घेऊन तेथें गेले. कडें खरोखरच एक इंच व एक अष्टमांश खालीं भरलें. ब्रॅडलींचा नियम असे कीं, एका जागेवरून तेरापैकीं निदान दहा चेंडू आंत गेल्याशिवाय पुढच्या जागीं जावयाचें नाहीं.

येथवर जें सांगितलें तें डोळ्यांचें काम झालें. आतां ज्या चुकीचा इशारा आम्हीं आरंभीं दिला, तिच्याकडे येऊं. प्रेक्षक सरावांत आंत गेलेले चेंडू मोजतात आणि म्हणतात, आज अमक्याचा हात बसला आहे, तमक्याचा बिघडला आहे. असें समजूं कीं, दोन खेळाडूंची खरी कुवत अगदीं सारखी, शंभरांत ३५ चेंडू आंत टाकण्याची आहे. प्रत्येकानें वीस फेकी केल्या तर सरासरीनें सात आंत जाव्यात. परंतु संभाव्यतेचा हिशेब केला तर आठांपैकीं सुमारें एका वेळीं दहा किंवा अधिक जातील, आणि तितक्याच वेळां चार किंवा त्याहून कमी. दहावाला शूर व चारवाला नालायक ठरला, तर तो न्याय नव्हे, सोंगट्यांच्या दानावरचा निवाडा झाला. वर्गांतल्या एका चाचणीवरून मुलाची परीक्षा करणाऱ्या पालकांनीं हा हिशेब एकदां कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे.

शिवाय सरावांतील फेक आणि सामन्यांतील फेक यांत अंतर आहे. सरावांत अंगावर कोणी येत नाहीं, चेंडू हातांत आणून दिला जातो. केवळ मोकळी फेक तेवढी दोन्हीकडे एकच. अंतर तेंच, अडविणारा कोणी नाहीं. तरीही अमेरिकन कॉलेजांतील पुरुषांच्या सामन्यांत १९६५ च्या सुमारापासून अनेक दशकें शंभर मोकळ्या फेकींपैकीं सरासरी ६९ च्या आसपासच आंत जात राहिल्या. शिकविण्याच्या पद्धति बदलल्या, क्रीडागृहें मोठीं झालीं, पण आंकडा जवळजवळ हललाच नाहीं. सामन्यांत ही फेक धांवून दमल्यावर अचानक मिळते, आणि एका वेळीं बहुधा दोनच. म्हणून सरावांत जो एकाच जागीं उभा राहून ओळीनें वीस फेकी करतो त्यापेक्षां दोन फेकून बाजूस होणारा, थोडें धांवून पुन्हां रेषेवर येणारा खेळाडू आम्हांला अधिक शहाणा वाटतो.

हात बसण्याच्या समजुतीचा शास्त्रीय तपासही झालेला आहे, आणि त्याची कथा मोठी बोधप्रद आहे. गिलोविच, व्हॅलोन व ट्व्हर्स्की या तीन मानसशास्त्रज्ञांनीं कॉर्नेल विद्यापीठाच्या २६ खेळाडूंकडून, त्यांत मुलगेही होते व मुलीही, प्रत्येकीं सुमारें शंभर फेकी करवून घेतल्या व १९८५ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, लागोपाठ चेंडू आंत गेल्यावर पुढचा आंत जाण्याचा संभव वाढतो असें दिसत नाहीं. हात बसणें हा मनाचा भ्रम होय. तीस वर्षांहून अधिक काळ हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत मिरवला. पुढें २०१८ सालीं मिलर व सानहुर्हो या दोघांनीं दाखवून दिलें कीं, मोजण्याच्या रीतींतच एक खोंच आहे.

ती खोंच विद्यार्थ्यांनीं स्वतः पडताळावी. एक नाणें तीनदां उडवा. आठ प्रकार संभवतात. प्रत्येक प्रकारांत, छापा पडल्यावर लगेच पुन्हां छापा किती प्रमाणांत पडला तें लिहा. कांटा-कांटा-कांटा व कांटा-कांटा-छापा यांत मोजण्यासारखें कांहींच नाहीं, ते सोडा. उरले सहा. छापा-छापा-छापा यांत प्रमाण पूर्ण एक. छापा-छापा-कांटा यांत अर्धें. छापा-कांटा-छापा यांत शून्य. छापा-कांटा-कांटा यांत शून्य. कांटा-छापा-छापा यांत एक. कांटा-छापा-कांटा यांत शून्य. बेरीज अडीच, तिला सहांनीं भागलें कीं पांच बारांश, म्हणजे शंभरांत ४२ च्या आंत! नाणें तर निर्दोष आहे, मग उत्तर निम्मे कां येत नाहीं? कारण आपण प्रत्येक लहान मालिकेला सारखेंच वजन दिलें. मग तींत मोजण्याजोगी संधि एक असो वा दोन. छोट्या मालिकांत असें मोजलें असतां यशामागून यश येण्याचें प्रमाण मुळांतच कमी दिसतें. ही त्रुटि भरून काढून कॉर्नेलचेच जुने आंकडे पुन्हां तपासतां, हात बसण्याचा कांहीं पुरावा त्यांतच दडलेला आढळला. सामान्य प्रेक्षक अगदींच मूर्ख नव्हते, आणि विद्वान् अगदींच अचूक नव्हते. तथापि पांच-सहा फेकींवरून कोणाचा हात बसला हें सांगतां येतें, असें मात्र यावरून सिद्ध होत नाहीं.

सराव पाहतांना आणखी एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचें, विशेषतः आईबापांचें, लक्ष वेधूं इच्छितों. संघांत साधारण पंधरा जण असतात; एका वेळीं खेळतात पांच. त्यांत शिष्यवृत्तीवांचून, आपल्या हौसेनें संघांत आलेले कांहीं असतात; त्यांना तिकडे वॉक-ऑन म्हणतात. रोजच्या सरावांत ते इतरांइतकेच राबतात, पण पुष्कळ सामन्यांत त्यांना एक मिनिटही खेळावयास मिळत नाहीं. लोकांसमोर चेंडू टाकण्याची त्यांची वेळ म्हणजे हीच. मन लावून पाहिलें तर सर्वांत नीटस पाय, सर्वांत सारखी आकृति कित्येकदां यांच्यापैकींच एखाद्याची दिसते. घड्याळ शून्यावर येतें, ते चेंडू गाडींत टाकतात, अंगांत पुन्हां लांब बाह्यांचा सदरा चढवितात आणि बांकाच्या टोंकाला जाऊन बसतात. इतर प्रेक्षक त्या सुमारास आपापल्या जागा शोधीत असतात. त्यांचे आईबाप मात्र केव्हांचे येऊन बसलेले असतात.