दारूविषयी स्पॅनिशमधून बोलायला शिकायचंय? खर्च असा येतो

अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. टेक्सास, कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत डॉक्टर, नर्स, समुपदेशक म्हणून काम करणाऱ्या मराठी मंडळींची त्यांच्याशी रोज गाठ पडते. ‘कुठं दुखतंय’, ‘गोळी जेवणानंतर घ्या’ एवढी स्पॅनिश कामावर वावरताना येऊन जाते. दारूचा विषय निघाला की मात्र गाडी अडते. समोरचा आधीच अर्धं लपवायच्या बेतात असतो, आणि आपली भाषा कच्ची असली की उरलेलं अर्धंही हातचं जातं.

आधी वेळेचा हिशेब. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने इंग्रजी भाषकांसाठी स्पॅनिशला सोप्या गटात टाकलं आहे, तरी कामापुरत्या प्रभुत्वासाठी 600 ते 750 वर्गतास धरले आहेत. रोज एक तास दिला तर दोन वर्षं जातील. पण आपल्याला सगळी भाषा नको आहे, एकच संभाषण नीट हवं आहे. त्यासाठी पाया धरून दीडशे-दोनशे तास पुरावेत, असा माझा अंदाज.

पाया फुकटात होतो. ‘लँग्वेज ट्रान्सफर’चा स्पॅनिशचा ध्वनिपाठ विनामूल्य आहे आणि व्याकरण घोकायला न लावता वाक्यं जुळवायला शिकवतो, गाडी चालवताना ऐका. अनेक अमेरिकी सार्वजनिक वाचनालयांच्या कार्डावर भाषा शिकवणारी सशुल्क ॲप्स फुकट मिळतात. तेव्हा ॲपची वर्षाची वर्गणी भरण्याआधी वाचनालयात चौकशी करा. बहुतेक जण इथेच पहिले शंभर डॉलर वाया घालवतात.

विषयाचं पाठ्यपुस्तकही फुकट आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी स्पॅनिशमध्ये उपलब्ध आहे. एकूण गुण 40. 8 किंवा जास्त आले तर पिणं धोक्याकडे झुकलंय असं समजतात. हे दहा प्रश्न तोंडपाठ करा, मग त्यांची उत्तरं ऐकायला शिका. खरी मेहनत दुसऱ्या भागात आहे.

पैसे खर्च करायचे ते इथे, शिकवणीवर. ऑनलाइन शिक्षक तासाला साधारण दहा ते वीस डॉलर घेतात. आठवड्याला दोन तास धरले तर सहा महिन्यांच्या 52 तासांचे 520 ते 1,040 डॉलर होतात. शिक्षक निवडताना पदवीपेक्षा देश पाहा. तुमचे रुग्ण मेक्सिकोचे असतील तर शिक्षकही मेक्सिकोचाच हवा. हँगओव्हरला स्पेनमध्ये ‘रेसाका’, मेक्सिकोत ‘क्रूदा’, कोलंबियात ‘ग्वायाबो’ म्हणतात. माद्रिदच्या शिक्षकाकडून शिकलेलं ह्यूस्टनच्या दवाखान्यात निम्मं कामी येईल.

शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगा की तुम्ही रुग्ण व्हा, आणि थोडं खोटंही बोला. ‘किती पिता?’ याला ‘दोनच बिअर’ असं उत्तर हमखास येतं. पुढचा प्रश्न बाटलीच्या आकाराचा हवा. मेक्सिकोतली ‘काग्वामा’ ही मोठी बाटली साधारण 940 मिलिलिटरची असते. अमेरिकेच्या मोजमापात एका पेयात 14 ग्रॅम अल्कोहोल धरतात. त्या हिशेबाने दोन काग्वामा म्हणजे साधारण पाच पेयं झाली. स्पेनमधल्या साहित्यात हेच एकक 10 ग्रॅमचं आहे, म्हणून तिकडचे तक्ते इकडे जसेच्या तसे वापरू नका. विचारण्याची तऱ्हाही याच तासांत बसवून घ्या. सगळं आदरार्थी ‘उस्तेद’मध्ये, आणि सुरुवात साध्या ‘तोमा?’ने. ते अगदी आपलं ‘घेता का?’ आहे.

एखादा म्हणेल, ‘एस्तोय हुरादो.’ म्हणजे त्याने ग्वादालूपेच्या मेरीमातेपुढे ठरावीक मुदतीसाठी दारू सोडल्याची शपथ घेतली आहे. वारकऱ्याने माळ घालावी तसंच ते, फक्त याला मुदत असते. शाबासकी द्या, पण मुदत कधी संपते हेही विचारा. आणि बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने शपथ घेऊन अचानक थांबवली असेल तर हात थरथरतात का, झटके आले का, हे त्याच वेळी विचारायला हवं. अशी अचानक सोडलेली दारू जिवावर बेतू शकते. या पाच-सहा वाक्यांवर शिकवणीचा अख्खा तास गेला तरी जाऊ द्या.

कान तयार करायला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या स्पॅनिश सभांसारखी जागा नाही. ज्या सभा ‘खुल्या’ असतात तिथे कुणीही बसू शकतं, फी नसते. मात्र आधी परवानगी विचारा, वही काढू नका, ऐकलेलं बाहेर नेऊ नका. याच चळवळीचं ‘ला विन्या’ हे स्पॅनिश द्वैमासिक 1996 मध्ये सुरू झालं. अनुभव साध्या बोलीत असतात, वाचायला जड जात नाहीत.

स्पॅनिशचं प्रमाणपत्र देणाऱ्या डेले परीक्षेची फी भरावी का? भारतात राहून स्पॅनिशवर नोकरी शोधायची असेल तर जरूर. ही परीक्षा घेणारी इन्स्टिट्यूतो सेर्वांतेस ही संस्था दिल्लीत आहे, आणि या प्रमाणपत्राची मुदत कधी संपत नाही. अमेरिकेतल्या दवाखान्यात त्याला फारसं कुणी विचारत नाही. तिथे दुभाषी म्हणूनच काम करायचं असेल तर वैद्यकीय दुभाष्याचं किमान 40 तासांचं प्रशिक्षण आणि वेगळी परीक्षा लागते. सगळं मिळून हजार डॉलरच्या पुढे-मागे तयारी ठेवा.

खिशात हात घालण्याआधी मालकाला विचारा. शिक्षणासाठी कंपनी वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत रक्कम देऊ शकते आणि त्यावर कर लागत नाही. कंपनीची तशी लेखी योजना हवी, ही मुख्य अट.

हे सगळं करूनही निदान, औषध बदलणं किंवा आत्महत्येचा विचार असा विषय आला की आपली स्पॅनिश बाजूला ठेवा आणि दुभाषी बोलवा. रुग्णाच्या लेकराला मध्ये उभं करू नका. सरकारी निधी घेणाऱ्या अमेरिकी रुग्णालयांना पात्र दुभाषी पुरवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत.