पालवी, बोंगा, मोहोर, फुलोरा: आधी नाव ओळखा, मग पंप उचला

पाऊस सरून पहाटेचे दव पडू लागले की रत्नागिरीच्या बागायतदारांत एकच विचारणा सुरू होते: मोहोर आला का? 'आला' हे उत्तर मिळाले तरी त्यातून नेमके काहीच कळत नाही. कुणाच्या कलमावर नुसते बोंगे, म्हणजे मोहोराचे डोळे, फुगलेले असतात, कुणाकडे तुरे बाहेर पडलेले असतात, कुणाच्या तुऱ्यांवर फुले उमललेली असतात, तर कुणी लांबून दिसणाऱ्या तांबूस पालवीलाच मोहोर धरून चाललेला असतो. या चारही अवस्थांतली कामे वेगळी आहेत. एकीचे काम दुसरीत केले तर औषध, मजुरी आणि फळ, तिन्ही हातचे जातात. म्हणून या हंगामाचा पहिला सल्ला औषधाचा नाही, शब्दाचा आहे: झाडावर जे दिसते त्याला त्याचे नेमके नाव द्या आणि कामाची वेळ त्या नावावरून ठरवा.

पालवी आणि मोहोर काडीच्या शेंड्यावरच्या त्याच डोळ्यातून फुटू शकतात. काडी जून असेल, जमिनीतली ओल आटलेली असेल आणि थंडी पडली असेल, तर डोळ्याचा कल मोहोराकडे असतो. काडी कोवळी, हवा उबदार आणि जमीन ओली असेल तर पालवी निघते. कातळावरच्या बागा लवकर मोहोरतात, कारण तिथल्या उथळ मातीतली ओल लवकर जाते. उलट पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला की पालवीला जोर चढतो आणि ती जून होईपर्यंत मोहोर लांबतो. फरक ओळखायला कोंब बोटाच्या पेराएवढा झाल्यावर एखाददुसरा खुडून नखाने उकलावा. आत घडी घातलेली पाने दिसली तर ती पालवी. खवल्यांच्या बगलेत बारीक दाण्यांचे झुबके दिसले तर तो मोहोर. पालवी असेल तर कलमाला पाणी आणि नत्र देण्याचा मोह आवरावा आणि कोवळ्या पानांवर येणाऱ्या तुडतुड्यांकडे लक्ष ठेवावे. शेजारच्या काजूला मात्र हाच शब्द वेगळा अर्थ सांगतो. काजूचा मोहोर नव्या पालवीच्या शेंड्यावरच येतो, म्हणून पावसाळ्यानंतरची पालवी हापूसमध्ये लांबणीची खूण आणि काजूमध्ये पिकाची नांदी असते. काजूला ढेकण्यापासून संरक्षणही त्या पालवीपासूनच सुरू करावे लागते.

बोंगा, मोहोर आणि फुलोरा यांतली गल्लत सर्वांत महाग पडते. बोंगे फुटत असताना तुडतुडे आणि भुरी यांचा बंदोबस्त करायचा, कारण तुडतुडे कोवळ्या मोहोरात अंडी घालतात, त्याचा रस शोषतात आणि त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते. तुरा लांबला तरी फुले मिटलेली असतात, तोवर संरक्षणाची संधी असते. फुले उमलली की तो फुलोरा. एकाच तुऱ्यात नर फुले आणि संयुक्त फुले असतात, आणि फळ फक्त संयुक्त फुलातून धरते. हापूसमध्ये अशा फुलांचे प्रमाण मुळात कमी असते. त्यांच्यापर्यंत पराग नेण्याचे काम माश्या, मधमाश्या करतात. फुलोऱ्यावर कीटकनाशक मारले तर तुडतुड्यांबरोबर हे मदतनीसही मरतात. म्हणून फुले उमलल्यापासून फळधारणेपर्यंत कीटकनाशकाची फवारणी टाळावी.

फळे धरल्यावरही दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात: उशिराचा मोहोर आणि पुनर्मोहोर. आधी न मोहोरलेल्या काडीवर जानेवारीत तुरा आला तर तो उशिराचा मोहोर. त्याचे स्वागत करावे आणि त्याची निगा राखावी. ज्या काडीवर आधीच कणी, म्हणजे बारीक फळे, धरली आहे तिच्यावर थंडी वाढताच पुन्हा तुरा आला तर तो पुनर्मोहोर. झाडाचे अन्न नव्या तुऱ्याकडे वळते आणि आधीची वाटाण्या-गोटीएवढी फळे गळतात. हा धोका टाळण्यासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने जिब्रेलिक आम्लाची शिफारस केली आहे: 20 लिटर पाण्यात 1 ग्रॅम, म्हणजे 50 पीपीएम. पहिली फवारणी भरपूर मोहोर आहे पण फळधारणा झालेली नाही अशा वेळी, दुसरी फळे वाटाण्याएवढी झाल्यावर. यातली 'भरपूर मोहोर' ही अट महत्त्वाची आहे, कारण हे संजीवक पुढचा मोहोर रोखण्यासाठीच आहे. जिथे मोहोर तुरळक आहे तिथे ते मारले तर हवा असलेला मोहोरच थांबेल.

यावर पहिला आक्षेप असा की दर पंधरा दिवसांनी फवारणी घेतली की झाले, एवढा शब्दांचा कीस काढायला वेळ कुणाला आहे? पण पंधरा दिवस हे कॅलेंडरचे माप आहे. थंडी एका वर्षी लवकर पडते, एका वर्षी पडून मोडते, आणि झाड तिच्यामागे चालते. वेळापत्रकातली अंतरेही झाड कोणत्या अवस्थेत आहे हे धरूनच लावायची असतात. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: एकाच कलमावर पालवी, तुरे आणि कणी एकाच वेळी असतात, मग नाव कोणते द्यायचे? अशा वेळी झाडावर बहुसंख्य काड्यांची जी अवस्था आहे ती धरावी आणि बागेचे लवकर, मध्यम, उशिरा असे गट पाडून खोडावर रंगाचा पट्टा मारावा. सगळ्या बागेत एकाच दिवशी पंप फिरवण्यापेक्षा गटवार फवारणीत खेपा वाढतील, पण नको तिथे औषध पडणार नाही. तिसरा आक्षेप तुडतुड्यांचा: फुलोऱ्यात हात आवरला तर ते मोहोर फस्त करतील. बोंग्याच्या वेळचे काम चुकवले असेल तर ही भीती खरी आहे. म्हणून तर बोंगा ओळखायचा. तरीही फवारणी टळणारच नसेल, तर परागीकरण करणारे कीटक थांबल्यावर, संध्याकाळी करावी.

भाताच्या बाबतीत कोकणातला शेतकरी ही चूक करत नाही. फुटवे, पोटरी, निसवणे, फुलोरा, चीक भरणे हे शब्द तो जागच्या जागी वापरतो. तोच काटेकोरपणा आंब्याला लावायचा आहे. या आठवड्यात एक वही घाला: कलमाचा क्रमांक, तारीख आणि एकच शब्द. दर आठ दिवसांनी तो शब्द तपासा. सल्ला विचारायला फोन कराल तेव्हा 'मोहोर आलाय' असे न सांगता वहीतला शब्द वाचून दाखवा. मिळणारे उत्तर तुमच्या बागेचे असेल.