थकलेले शरीर, उतरलेली त्वचा

“पस्तिशीची आहे, पण पन्नाशीची वाटते,” असे आपल्या वस्तीतल्या एखाद्या भगिनीविषयी आपण सहज बोलून जातो. ती पहाटे चारला पाणी भरायला उठते, चार घरची धुणीभांडी करते आणि रात्री अकराच्या आधी तिची पाठ जमिनीला लागत नाही, हे बोलणाऱ्याला ठाऊक असते. तरी दोष तिच्या नशिबाला दिला जातो. त्वचेचे काम कसे चालते हे पाहिले की कारण नशिबात शोधावे लागत नाही.

त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो आणि खालून नव्या पेशी वर येत असतात. तरुणपणी हे चक्र साधारण २८ दिवसांत पुरे होते. वय वाढते तसे ते लांबते. खालच्या थरात कोलॅजन नावाचे प्रथिन असते. खाटेची सुतळी जशी खाट ताणून धरते, तसे ते त्वचेला धरून ठेवते. दिवसभराची झीज भरून काढणारे वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते. झोप तुटली, त्यात काळजीची भर पडली, की रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते. ते कायम वाढलेले राहिले तर नवे कोलॅजन कमी बनते. त्वचेचे वरचे आवरण लवकर सांधत नाही, त्यातून ओलावा उडून जातो. मग कोरडेपणा, खाज, उशिरा भरणारी जखम. जुना इसब किंवा सोरायसिस असेल तर तोही अशाच दिवसांत उसळतो.

पण सगळा भार झोपेवर टाकून चालणार नाही. त्वचा अकाली म्हातारी करण्यात उन्हाचा वाटा सर्वांत मोठा आहे. ऊसतोडीला, बांधकामावर, रस्त्याच्या कामावर जाणाऱ्यांना ऊन आणि थकवा दोन्ही एकदमच सोसावे लागतात. काचेआड बसणाराही सुटत नाही. अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात आले होते. २८ वर्षे गाडी चालवून त्याच्या चेहऱ्याच्या खिडकीकडच्या डाव्या बाजूला खोल सुरकुत्या पडल्या होत्या, उजवी बाजू मात्र बरीच शाबूत होती. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून रिक्षा-टेम्पो चालवणाऱ्या बांधवांनी उजवा गाल आणि उजवा हात जपावा. आपल्या सावळ्या रंगाला सुरकुत्या तुलनेने उशिरा पडतात, ही त्या रंगाची देणगीच. मात्र वांग आणि काळे डाग लवकर उठतात. डोक्यावर रुंद काठाची टोपी किंवा पदर, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, एवढे तरी हवेच. थकवा मारण्यासाठी ओढलेली बिडी सुरकुत्या वाढवते, हेही इथेच सांगून ठेवतो.

धुणीभांडी करणाऱ्या हातांचे दुखणे वेगळे. साबण, सोडा, फिनेल त्वचेतला स्निग्धांश धुऊन नेतात आणि हात फुटतात. काम संपताच हात कोरडे करून व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावावे. रबरी मोजे घालायचे तर आत सुती मोजे असावेत. सफाई कामगारांनी गमबूट काढल्यावर बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या कराव्यात, म्हणजे चिखल्या आटोक्यात राहतात.

खरा धोका पुढेच आहे. चेहरा उतरला, वांग आले, की मेडिकलमधून “गोरे करणारी” ट्यूब आणली जाते. अशा पुष्कळ ट्यूबांत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड असते. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम २०१८ पासून आहे. तरी ती मिळतात. पहिले काही दिवस चेहरा उजळतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येते, बायकांच्या तोंडावर केस वाढतात. ती एकदम सोडली तर चेहरा भडकतो, म्हणून सोडतानाही डॉक्टरांना विचारावे. मुळात सावळा रंग हा आजार नाही, त्याला औषध लागत नाही.

प्रौढ माणसाला रात्री निदान सात तास झोप लागते. बाबासाहेब मजूरमंत्री होते, तेव्हा १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. चार घरची कामे करणाऱ्या बाईला तो कायदा लागू नाही, आणि स्वतःच्या घरात तर तिचे तास कुणी मोजतच नाही. रात्रीची भांडी नवऱ्याने घासली, पहाटेचे पाणी मुलाने भरले, तर तिला दीड-दोन तास झोप जास्त मिळते. कुठल्याही क्रीमपेक्षा हा उपाय आम्हाला मोलाचा वाटतो.

झोप पुरी होऊनही थकवा जात नसेल, त्वचा फिकी किंवा फार कोरडी पडली असेल, केस गळत असतील, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घ्यावी. रक्तक्षय आणि थायरॉइडचा आजार आपल्या भगिनींमध्ये पुष्कळदा “कामाचा शीण” म्हणून अंगावर काढला जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पालिकेच्या दवाखान्यात आधी दाखवावे. जाताना आजवर चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्याव्यात. नावे सांगता आली नाहीत तरी डॉक्टरांना त्या पाहून कळते.